खाण्याच्या सोड्याने रक्तातील आम्ल जाते, या संदेशाबाबत खुलासा

बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातील मराठी व्हॉट्सअॅप गटांत असा संदेश फिरत आहे की, रोज उपाशीपोटी लिंबूपाण्यातून चमचाभर खाण्याचा सोडा घेतल्यास रक्तातील आम्ल निघून जाते व मधुमेहही बरा होतो. पुरावा म्हणून लघवीत बुडवलेल्या, आम्लता तपासणाऱ्या पट्टीचा बदललेला रंग दाखवला आहे. हा दावा चुकीचा आहे.

निरोगी माणसाच्या धमनीतील रक्ताचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा; तो जितका कमी, तितके आम्ल जास्त) ७.३५ ते ७.४५ या अरुंद मर्यादेतच राहतो, मग ताटात जोंधळ्याची भाकरी असो वा आंबट कढी. रक्तातील बायकार्बोनेट हा क्षार आम्लाला तत्काळ आवरतो, फुप्फुसे श्वासाची गती बदलून काही मिनिटांत रक्ताची आम्लता वाढवणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण सावरतात, आणि मूत्रपिंडे तास-दिवसांच्या संथ गतीने लघवीवाटे आम्ल काढून बायकार्बोनेट राखतात. पट्टीचा रंग बदलतो तो मूत्रपिंडांनी जादा सोडा बाहेर टाकल्यामुळे. रक्ताबद्दल ती काहीच सांगत नाही.

मधुमेहाविषयीचा भाग तर धोकादायक आहे. इन्सुलिनच्या तीव्र कमतरतेमुळे चरबी जळताना तयार होणारी कीटोन आम्ले साचली की रक्त खरोखरच आम्लतेकडे झुकते, उलट्या होतात, श्वास खोल व जलद चालतो; अशा वेळी रुग्णालयात इन्सुलिन आणि शिरेतून सलाइन द्यावे लागते, घरगुती सोड्यात वेळ घालवणे जिवावर बेतू शकते. शिवाय चमचाभर सोड्यात सुमारे १२०० मिलिग्रॅम सोडियम असते, जे रक्तदाबाच्या रुग्णांना घातक ठरू शकते. मूत्रपिंडाच्या जुनाट विकारात डॉक्टर सोडियम बायकार्बोनेटच्या (म्हणजे खाण्याच्या सोड्याच्याच) गोळ्या देतात हे खरे, पण त्या रक्ततपासणी करून, मात्रा ठरवूनच.