आधी शाळेचा डिस्ट्रिक्ट बघा, मग पत्ता

अमेरिकेत ओहायोतल्या कोलंबसला राहायला येणाऱ्यांनी डोळे झाकून डब्लिन या उपनगरात घर घ्यावं, असं एका लेखात वाचलं. डब्लिनच्या शाळा चांगल्या आहेत, वाद नाही. पण इथे शहराची हद्द आणि शाळेचा डिस्ट्रिक्ट, म्हणजे घराच्या पत्त्यावरून सरकारी शाळा ठरते तो विभाग, एकच असतो असं नाही. कोलंबस शहरातली कितीतरी घरं डब्लिन, हिलियार्ड किंवा वर्दिंग्टन या शेजारच्या उपनगरांच्या शाळांमध्ये मोडतात. काउंटी ऑडिटरच्या (घरांच्या नोंदी ठेवणारं स्थानिक सरकारी कार्यालय) साइटवर घराचा पत्ता टाका, डिस्ट्रिक्ट आणि प्रॉपर्टी टॅक्स दोन्ही दिसतं. एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नका.

दुसरं म्हणजे तळघर. आम्ही घर पाहिलं ऑगस्टमध्ये, तेव्हा सगळं कोरडं ठणठणीत. मार्चमध्ये बर्फ वितळला, वर दोन दिवस पाऊस, आणि संप पंप (तळघरात साचणारं पाणी बाहेर फेकणारा पंप) बंद पडला. सकाळी खाली उतरले तर गालिच्यावर पाय टेकताच मोजे भिजले. घर बघताना तळघराच्या भिंतीच्या तळाशी ओलीचे पांढुरके डाग दिसले तर तिथेच थांबून विचारा.

आईवडील सहा महिने राहायला येणार असतील तर कोलंबसमधला क्लिंटनव्हिल हा भागही जरूर बघा. घरं जुनी, लहान. पण फुटपाथ आहेत, हाय स्ट्रीटवर बस आहे, लायब्ररी आणि दुकानं चालत गाठता येतात. माझ्या आईला ते फार मानवलं असतं.