गोळीने लघवी आटोक्यात आली, मग पायापर्यंत स्कॅन कशाला?

खूप लघवी होणाऱ्या रुग्णात एर्डहाइम-चेस्टर या दुर्मिळ आजाराचाही शोध घ्यावा, असं मी म्हटलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप दोन. डेस्मोप्रेसिनच्या गोळीने तहान आणि लघवी आटोक्यात आल्यावर एर्डहाइम-चेस्टरचं नाव काढून रुग्णाला घाबरवू नये, हा एक. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) नॉर्मल असताना याला रक्ताचा आजार म्हणू नये, हा दुसरा.

दुसरा अर्धा मान्य. ‘रक्ताचा आजार’ हा शब्द सैल वापरला गेला. बिघाड हिस्टिओसाइट या रोगप्रतिकारक पेशींत असतो. त्या रक्तपेशींच्याच कुळातल्या, पण ठाण मांडतात हाडांत, मूत्रपिंडांभोवती, महाधमनीभोवती, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिच्युटरी ग्रंथीच्या देठात. त्यामुळे सीबीसी नॉर्मल आला म्हणून आजार नाही असं ठरत नाही.

पहिला मात्र पटत नाही. डेस्मोप्रेसिन व्हॅसोप्रेसिनची, म्हणजे शरीरातलं पाणी लघवीवाटे जाण्यापासून रोखणाऱ्या हार्मोनची, उणीव भरून काढतं. ती का झाली, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. प्रौढ माणसाला दिवसाला 3 लिटरहून जास्त, पाण्यासारखी लघवी होते, साखर नॉर्मल आहे, आणि एमआरआयमध्ये देठ जाड दिसतो, तर शोध तिथे थांबवून चालत नाही. ही तक्रार इतर लक्षणांच्या कित्येक वर्षं आधी येऊ शकते. अर्थात जाड देठ म्हणजे हाच आजार असंही नाही. लँगरहान्स (हिस्टिओसाइटोसिसचाच दुसरा प्रकार), सार्कॉइड (सूज आणणारा एक आजार), क्षय, जर्मिनोमा (एक प्रकारची गाठ) हेही रांगेत असतात.

देठाची बायोप्सी जोखमीची, म्हणून सोपी जागा शोधायची. इथेच हमखास चूक होते. नेहमीचा पेट-सिटी स्कॅन मांडीच्या मध्यावर संपतो आणि हा आजार दिसतो गुडघ्याच्या वर-खाली, दोन्ही पायांत सारखा. म्हणून मागणीपत्रावर ‘डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत’ असं स्पष्ट लिहायला हवं. हाडाचा तुकडा काढला तर दुसरा खड्डा: मऊ करायला तीव्र आम्ल वापरलं की डीएनए खराब होतो आणि बीआरएएफ या जनुकाची तपासणी वाया जाते. लॅबला आधीच आम्लाऐवजी ईडीटीए हे सौम्य रसायन वापरायला सांगावं. तुकड्यातल्या पेशी सीडी68 या खुणेला पॉझिटिव्ह आणि सीडी1ए या खुणेला निगेटिव्ह असाव्यात. सीडी1ए पॉझिटिव्ह आलं तर रोख लँगरहान्सकडे वळतो.

हे सगळं करायचं ते उपचार हाताशी आहे म्हणून. निम्म्याहून अधिक रुग्णांत बीआरएएफ व्ही600ई बदल सापडतो आणि त्यावरच्या व्हेम्युराफेनिब या औषधाला अमेरिकेत 2017 मध्ये या आजारासाठी मंजुरी मिळाली. हरपलेलं हार्मोन मात्र त्याने सहसा परत येत नाही, तेव्हा तुमची डेस्मोप्रेसिनची गोळी चालूच राहते. तीही बिनधोक नाही: गोळी घेऊन सवयीने भरपूर पाणी पीत राहिलं तर सोडियम घसरतं. सकाळचं कॉर्टिसॉल हे हार्मोनही तपासून घ्यावं, कारण ते कमी असेल तर लघवीचं प्रमाण झाकलं जातं आणि त्याची भरपाई करणारं हायड्रोकॉर्टिसोन सुरू करताच एकदम वाढतं.