पपईचा चीक आणि कॅन्सरचं ‘कवच’

नाशिकमध्ये सोसायट्यांच्या आणि सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरणारा मजकूर थोडक्यात असा: ‘कॅन्सरच्या गाठीभोवती प्रथिनांचं कवच असतं. कच्ची पपई आणि अननस यांतली एन्झाइम ते खातात, मग शरीर गाठ संपवतं. रोज अनशापोटी एक ग्लास रस घ्या, केमो नको. शास्त्रज्ञांना हे शंभर वर्षं माहीत आहे.’

‘कवच असतं.’ इथेच सगळं उलटं झालंय. स्तन, तोंड, आतडं अशा अवयवांत पेशींच्या थराखाली कोलॅजन या प्रथिनाचा एक पातळ पापुद्रा असतो, बेसमेंट मेम्ब्रेन. तो शाबूत आहे तोवर रोग जागच्या जागी राहतो आणि बायोप्सीच्या रिपोर्टवर ‘इन सिटू’ लिहिलेलं असतं. तो फुटला की ‘इन्व्हेझिव्ह’, म्हणजे आजूबाजूला घुसणारा. फोडतं कोण? प्रथिनं कापणारी एन्झाइमच: एमएमपी-२ आणि एमएमपी-९, ज्यांना काम करायला जस्त लागतं, युरोकायनेज, जे प्लाझ्मिन हे आणखी एक कापणारं एन्झाइम तयार करतं, शिवाय कॅथेप्सिन. यातली बरीचशी गाठीच्या चिथावणीवरून आजूबाजूच्या निरोगी पेशीच बनवतात. कोलॅजनची जाळी तुटली की तिच्यात अडकलेले व्हीईजीएफसारखे घटकही सुटतात आणि गाठीकडे नव्या रक्तवाहिन्या येऊ लागतात. म्हणजे रसातलं एन्झाइम खरंच तिथवर पोचून कापाकापी करू लागलं, तर ते गाठीचीच वाट मोकळी करण्याची भीती.

तथ्याचा एक कण आहे, तोही सांगायला हवा. स्वादुपिंडाच्या कॅन्सरभोवती दाट तंतुमय ऊती असतात आणि त्यातून औषध नीट आत शिरत नाही. म्हणून हायल्युरॉनिडेझ हे एन्झाइम (ते प्रथिनं नाही, साखरेच्या साखळ्या तोडतं) शिरेतून देऊन पाहिलं. २०१९ मध्ये मोठ्या चाचणीत त्याने रुग्णांचं आयुष्य वाढलं नाही.

‘रस गाठीपर्यंत पोचतो.’ पपईतलं पपेन आणि अननसातलं ब्रोमेलेन ही एन्झाइम स्वतः प्रथिनंच. जठरातलं आम्ल आणि पेप्सिन त्यांचीही डाळ शिजू देत नाहीत. थोडंफार ब्रोमेलेन रक्तात उतरलं, तर अल्फा-२ मॅक्रोग्लोब्युलिन हे रक्तातलं प्रथिन त्याला पकडून ठेवतं. मटणाला कच्ची पपई चोळली की ते मऊ होतं, कारण तिथे चीक थेट मांसावर असतो. डबाबंद अननसाच्या रसात तर उष्णतेने एन्झाइम मेलेलंच असतं.

‘शंभर वर्षं माहीत आहे.’ एन्झाइमने कॅन्सर बरा करण्याची कल्पना जुनी आहे, हे खरं. एडिनबर्गमधले भ्रूणशास्त्रज्ञ जॉन बिअर्ड यांनी ती १९०६ च्या सुमारास मांडली. पुढे अमेरिकेत तिची परीक्षाही झाली. स्वादुपिंडाच्या कॅन्सरचे ५५ रुग्ण होते. ३२ जणांनी डुकराच्या स्वादुपिंडातली एन्झाइम, विशिष्ट आहार आणि कॉफीचा एनिमा हा मार्ग निवडला, तर २३ जणांनी केमो. मध्यक आयुष्य एन्झाइम गटात ४.३ महिने, केमो गटात १४. गट चिठ्ठ्या टाकून पाडले नव्हते, ही या अभ्यासातली उणीव. तरीही एवढी तफावत दुर्लक्षिण्यासारखी नाही.

मग एन्झाइम रोखली की झालं? तेही इतकं सरळ नाही. मॅरिमास्टॅटसारखी एमएमपी रोखणारी औषधं १९९० च्या दशकात चाचण्यांमध्ये फसली. सांधे दुखून आखडायचे, औषध रोग पसरल्यावर दिलं जायचं, आणि एमएमपी-८ सारखी काही एन्झाइम उलट संरक्षण करतात हे नंतर उमगलं. यश आलं ते वेगळ्याच जागी: पेशीच्या आतला प्रोटिएसोम (नको असलेली प्रथिनं तोडणारी यंत्रणा) रोखणारं बोर्टेझोमिब हे औषध, मायलोमा या रक्तपेशींच्या कॅन्सरसाठी, २००३ पासून.

‘नुकसान तर काहीच नाही.’ आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा केमोमुळे प्लेटलेट घटल्या असतील, तर ब्रोमेलेनच्या कॅप्सूलने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. तोंड आलेलं असताना पपईचा चीक झोंबतो. पांढऱ्या पेशी कमी असताना गाडीवरचा बर्फ घातलेला रस म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण. घरी धुऊन कापलेली पिकलेली पपई खायला सहसा हरकत नसते.

‘डॉक्टरही एन्झाइम देतात’ म्हणून पॅन्क्रिॲटिनच्या (स्वादुपिंडातल्या पाचक एन्झाइमांच्या) कॅप्सूलचा फोटो जोडलेला असतो. त्या गाठीसाठी नसतात. स्वादुपिंड काढलं किंवा निकामी झालं की अन्न, विशेषतः चरबी, पचवायला त्या लागतात. मुख्य जेवणाला सहसा २५,००० ते ५०,००० युनिट लिपेजपासून (चरबी पचवणारं एन्झाइम) सुरुवात होते. अनशापोटी नाही, पहिल्या घासाबरोबर घ्यायची. आतले दाणे आम्लापासून वाचवणाऱ्या आवरणाचे असतात, त्यामुळे चावायचे नाहीत. शौचाला तेलकट, तरंगणारं होत असेल आणि वजन उतरत असेल, तर मात्रा कमी पडत असण्याची शक्यता असते. ती डॉक्टरांकडून वाढवून घ्यावी.