पावती मिळेल ना?

काल लिफ्टमध्ये काकांनी चारचौघांदेखत विचारलं, "काय गं, माझ्या दानाच्या पावतीचं काय झालं?" तिसऱ्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरूनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू अनाथ मुलांच्या नावानं वर्गणी काढून मी गोव्याला जाऊन आले होते.

झालं होतं एवढंच. मुलाचा सातवा वाढदिवस. खेळण्यांनी घरात पाय ठेवायला जागा नाही, म्हणून मी आमंत्रणात लिहिलं, 'भेटवस्तू आणू नका. त्याऐवजी संस्थेतल्या अनाथ मुलांच्या उपयोगाची एखादी वस्तू आणा.' मुलानं खोक्यावर स्केचपेननं 'दाण पेटी' लिहिलं. शुद्धलेखन सोडून दिलं, कारण हेतू शुद्ध होता.

सोसायटीला मात्र दिवाळीची साफसफाई आधीच उरकल्याचा आनंद झाला. खोक्यात काय काय आलं! २०१४ सालची डायरी, जिची पहिली तीन पानं नव्या वर्षाच्या संकल्पांनी भरलेली. भांडं नसलेला मिक्सर. उजव्या पायाचा सँडल. बँकेच्या परीक्षेचं गाईड, तेही उत्तरांवर पेनानं खुणा केलेलं. एका वहिनींनी अर्धवट संपलेला फेसपॅक दिला, वर म्हणाल्या, "इंपोर्टेड आहे हो."

आणि मग काका आले. टेबलफॅन घेऊन.

फॅनच्या तिन्ही पात्यांवर लाल ऑइलपेंटनं काकांच्या वडिलांचं नाव होतं. पहिल्या पात्यावर 'कै.', दुसऱ्यावर नाव, तिसऱ्यावर आडनाव आणि 'यांच्या स्मरणार्थ'. गावच्या देवळाला दिला होता. देवळात एसी बसला, तेव्हा काका तो परत घेऊन आले. दान परत आणता येतं, हे मला नवीन होतं.

"चालतो ना?" मी विचारलं.

"न चालायला काय झालं? सुरुवातीला हातानं एक धक्का द्यावा लागतो, बस. मुलांना तेवढीच गंमत. फक्त त्यांना सांग, एकवरच ठेवायचा. तीनवर केला की नाव वाचता येत नाही."

"पण काका, उन्हाळ्यात..."

"आणि पावती घे. इन्कमटॅक्सच्या सुटीसाठी लागते ती, ऐंशी-जीची."

मी सांगितलं, की वस्तू दिल्या तर ऐंशी-जीची सूट मिळत नाही, पैसे द्यावे लागतात. तेही रोख दिले तर दोन हजारांपर्यंतच.

"मग फॅनची किंमत धरायची."

"काका, तुम्ही नवी करप्रणाली घेतलीत ना? तिच्यात ही सूटच नाही."

"माहितीये मला."

"मग पावती कशाला?"

"फाइलला."

एवढ्यावर थांबले असते तर ते काका कसले! तिथल्या मुलांबरोबर फॅनच्या शेजारी एक फोटो हवा होता. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणे अशा मुलांची ओळख उघड करता येत नाही, सहा महिने कैद होऊ शकते, असं मी म्हटलं. काकांनी क्षणभर विचार केला. "चेहरा झाकून काढू."

"कुणाचा?"

"मुलांचा! माझा कशाला?"

मग ते सोफ्यावर बसले आणि समोशाबरोबर त्यांनी जमलेल्या मुलांना दानावर व्याख्यान दिलं. काका कराडकडचे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली तिथल्याच काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, तिथून सुरुवात. मग मुष्टिफंड. घरोघरच्या बायका मूठमूठ धान्य बाजूला काढत आणि त्यावर वसतिगृहातली पोरं जेवत. पोरांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा दिलं. काकांचा गळा दाटून आला. माझाही आला, खोटं कशाला बोलू? पण ती मूठ घरच्या भाकरीसाठी ठेवलेल्या धान्यातली होती. किडकं निवडून बाजूला ठेवलं आणि त्याचा फंड केला, असं कुठे वाचल्याचं आठवत नाही. हे मी मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं, "काका, अजून एक समोसा?"

हा काही आमच्या सोसायटीचाच गुण नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत देशभरातून एवढे जुने कपडे आले, की ते रस्त्याच्या कडेला ढिगानं पडून राहिले. कोळ्यांच्या बायकांना कुणाच्या तरी लग्नातल्या जरीच्या ब्लाउजांचं काय करायचं होतं? शेवटी 'गूंज' संस्थेनं त्यातले गाड्या भरभरून कपडे उचलले, निवडले, कामाला लावले. म्हणजे माणसं बुडाली ती बुडालीच, वर आपली कपाटं निवडण्याचं कामही कुणाच्या तरी गळ्यात.

मी खोका घेऊन मुलांच्या संस्थेत गेले. तिथल्या ताई फारच सभ्य होत्या. खोक्यात डोकावल्या, फॅनकडे बघितलं आणि हळूच यादी पुढे केली. तूरडाळ, तेल, साबण, सॅनिटरी पॅड, नवे आतले कपडे. यादीच्या तळाशी लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'जुन्या वस्तू स्वीकारल्या जात नाहीत.' इतक्या ठळकपणे, की आमच्याआधी बऱ्याच सोसायट्या येऊन गेल्या असाव्यात. सगळं परत डिकीत. पेट्रोल माझं, कंबर माझी.

खोका घरी रिकामा करताना तळाशी मुलाचं पाढ्यांचं पुस्तक आणि गृहपाठाची वही सापडली. विचारलं तर शांतपणे म्हणाला, "मला नको होतं. म्हणून दान केलं."

संध्याकाळी त्याला घेऊन वाण्याकडे गेले आणि यादीतली डाळ घेतली. पिशवी उचलताना तो घुटमळला. "आई, ही तर चांगली आहे. मग का देतेयस?" मी त्याच्यावर ओरडले. वास्तविक ओरडायला दुसरी माणसं होती, पण ती सगळी माझ्यापेक्षा वयानं मोठी आणि मेंटेनन्स वेळेवर भरणारी.

काल लिफ्टमधून उतरल्यावर काकांना सगळं सांगितलं. फॅन नाकारला, हे त्यांना पटलंच नाही. "तू नीट सांगितलं नसशील," म्हणाले. फॅन परत घ्यायलाही तयार नाहीत, कारण दिलेलं दान परत घेऊ नये. देवळाचं काय, असं विचारणार होते, पण तेवढ्यात त्यांनी खिशातून पत्रिका काढली. नातवाची मुंज आहे. खाली छापलंय, 'कृपया आहेर आणू नये. इच्छुकांनी दानपेटीत वस्तू टाकाव्यात.'

"तुझ्याकडचीच पेटी वापरू म्हटलं," काका म्हणाले. "तेवढी रिकामी करून आणून दे. आणि वर एक नवा कागद चिकटव गं, शुद्धलेखन चुकलंय."