स्पष्टवक्ता यांच्या 'रंग मारलेल्या एसटी'ला उत्तर

टीयू-160 या रशियन बॉम्बर विमानावरच्या माझ्या लेखाखाली 'स्पष्टवक्ता' या टोपणनावाने आलेली प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देतो. सोयीचं तेवढंच उचललं, असं कोणी म्हणायला नको.

"लेख वाचून करमणूक झाली. 1981 साली पहिल्यांदा उडालेल्या रशियन भंगारात नवे स्क्रीन बसवणं म्हणजे जुन्या एसटीला रंग मारून नवी गाडी म्हणून खपवणं. क्षेपणास्त्रं आपल्याच हद्दीतून सोडायची तर आवाजाच्या दुप्पट वेग हवा कशाला? एंगेल्सच्या तळावर ड्रोन पोचतात त्याचं काय? आणि 2018 मध्ये उडालेलं विमान नवं नव्हतंच. लिहिण्याआधी थोडा अभ्यास करत जा."

स्पष्टवक्ता, नमस्कार.

उत्तर द्यावं की नाही यात दोन दिवस गेले. बायको म्हणाली, सोडून द्या. दिलंही होतं सोडून, पण रात्री तो 'करमणूक' शब्द परत आठवला. त्या लेखाला तीन आठवडे लागले होते. इथे जाहिराती नाहीत, वर्गणी नाही, नोकरी सांभाळून लिहितो. पटलं नाही तर 'पटलं नाही' म्हणावं की! करमणूक झाली, हे सर्कशीच्या तंबूतून बाहेर पडताना म्हणतात.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. जानेवारी 2018 मध्ये रशियात कझानला उडालेलं 'प्योत्र देयनेकिन' हे विमान पायापासून बांधलेलं नव्हतं. सोव्हिएत काळात अर्धवट राहिलेल्या सांगाड्यावर ते पुरं केलं होतं. खरोखर नव्याने बांधलेलं पहिलं विमान उडालं ते 12 जानेवारी 2022 ला. चूक माझी. लेखात दुरुस्ती केली आहे. शेवटचं वाक्य गाळूनही तुम्हाला हे सांगता आलं असतं, एवढंच.

आता एसटी.

उपमा तुम्ही सहज फेकली असेल, पण पत्ता चुकला. माझे वडील, अण्णा, दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये 31 वर्षं होते. शाळेला सुट्टी असली की मी त्यांचा डबा घेऊन जायचो. जुन्या गाडीची बॉडी उतरवलेली असायची, नुसती चासी उभी. तिच्यावर नवी बॉडी चढायची. त्याआधी अण्णा चासीवर ठिकठिकाणी हातोडीने ठोकायचे आणि मान वाकडी करून आवाज ऐकायचे. चासीला तडा असेल तर वरचं सगळं फुकट, असं ते म्हणत. रंग सगळ्यात शेवटी. त्यामुळे रंग मारणं आणि गाडी उभी करणं यातला फरक निदान मला तरी शिकवू नका.

टीयू-160 ची चासी म्हणजे त्याच्या पोटातून आडवी जाणारी टायटॅनियमची तुळई, 12 मीटरहून लांब. तिच्या दोन टोकांच्या बिजागऱ्यांवर पंख 20 अंशांपासून 65 अंशांपर्यंत मागे वळतात. विमानाचं उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन 275 टन, म्हणजे या तुळईवर काय भार येत असेल बघा. ती वेल्डिंगने जोडतात, पण आपल्या गल्लीतल्यासारखं नाही. तापलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून ठिसूळ होतं, म्हणून हे काम निर्वात कक्षात, इलेक्ट्रॉनांच्या झोताने करावं लागतं. तुळई जेवढी, तेवढा कक्ष.

नव्वदच्या दशकात उत्पादन थांबलं आणि कझानच्या कारखान्यातलं हे काम बंद पडलं. 2015 मध्ये पुन्हा विमानं बांधायचं ठरलं तेव्हा रशियाला आधी ती वेल्डिंगची यंत्रणाच जिवंत करावी लागली. कागदावरची ड्रॉइंग्ज संगणकावर उतरवावी लागली. एनके-32 इंजिन समाराला बनायचं, तेही बंद झालं होतं. एकेका इंजिनाचा आफ्टरबर्नरसह (म्हणजे मागच्या झोतात जादा इंधन जाळून) जोर 25 टन, अशी चार लागतात. नव्या मालिकेची इंजिनं लावून विमान उडालं ते नोव्हेंबर 2020 मध्ये. नवा रडार, नवी दिशादर्शक यंत्रणा, तुम्ही म्हणता ते स्क्रीन, हे सगळं त्यापुढे सोपं. कामच बंद पडलं की जुने हात घरी बसतात, आणि ते काही ड्रॉइंगमध्ये सापडत नाहीत. अण्णा निवृत्त झाल्यावर दोनदा वर्कशॉपमधला माणूस त्यांना विचारायला आमच्या घरी आला होता. काय विचारलं ते आठवत नाही, पण अण्णा त्या दिवशी चहा दोनदा प्यायले, हे आठवतं.

दहा नव्या विमानांचा 2018 चा करार 160 अब्ज रुबलचा आहे. रंगाला एवढे पैसे पडत नाहीत, स्पष्टवक्ता.

'भंगार' म्हणालात म्हणून सांगतो. युक्रेनकडे राहिलेल्या 19 पैकी आठ टीयू-160 रशियाने 1999-2000 मध्ये गॅसच्या थकबाकीत वळती करून घेतली. भंगारासाठी कोणी उधारी सोडत नाही. आणि टीयू म्हणजे तुपोलेव, त्याच घराण्यातली आठ टीयू-142 टेहळणी विमानं आपल्या नौदलाने 1988 ते 2017 वापरली, आधी गोव्यात दाबोळीला, मग अरक्कोणमला. त्यांनाही भंगार म्हणून बघा एकदा, एखाद्या निवृत्त नौसैनिकासमोर.

राहिले दोन मुद्दे. केएच-101 क्षेपणास्त्र फार लांबून सोडतात हे मलाही ठाऊक आहे. पण वेग काय फक्त शत्रूच्या हद्दीत घुसायलाच लागतो? सोडायच्या जागी लवकर पोचायलाही लागतो. त्यावर सवडीने लिहीन. एंगेल्सवर, म्हणजे रशियातल्या या विमानांच्या तळावर, डिसेंबर 2022 मध्ये ड्रोन पोचले, खरं आहे. तो तळाच्या बंदोबस्ताचा विषय झाला. माझा लेख विमानावर होता.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. फक्त पुढच्या वेळी एसटी सोडून दुसरी उपमा शोधा. अण्णा 83 वर्षांचे आहेत, या ब्लॉगवरचा प्रत्येक लेख मी त्यांना वाचून दाखवतो. परवा त्यांनी विचारलं, खाली कोणी काही लिहिलंय का? मी नाही म्हणून सांगितलं.