एपिस्कोपल चर्चमध्ये पाहुण्याला वाइन प्यावीच लागते, हे खरं नाही

अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी मंडळींत एक निरोप फिरतोय: एपिस्कोपल चर्चमध्ये (हा इंग्लंडच्या चर्चशी नातं असलेला अमेरिकेतला ख्रिस्ती पंथ) गेलात की वाइन प्यायला लावतात आणि तिथल्या तिथे बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा विधी, देतात. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. या भीतीपोटी शेजाऱ्याच्या अंत्यविधीला जाणं टाळलेलं मी पाहिलंय, म्हणून हे लिहितेय.

प्रार्थनेत भाकर आणि वाइन देतात, त्या विधीला प्रभुभोजन म्हणतात. या चर्चच्या नियमानुसार ते बाप्तिस्मा झालेल्यांसाठीच असतं. तुम्ही बाकावर बसून राहिलात तरी कुणाला वावगं वाटत नाही. पुढे जावंसं वाटलं, तर दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवायचे. पाद्री भाकर न देता फक्त आशीर्वाद देतात. (पाद्री बाईही असू शकतात, १९७६ साली चर्चने तशी मान्यता दिली.) बाप्तिस्मा हा वेगळा विधी, तो कुणावर नकळत होत नाही.

समोरच्या बाकामागच्या कप्प्यात प्रार्थनापुस्तक असतं, १९७९ चं, बहुधा लाल पुठ्ठ्याचं. पान सापडलं नाही तर शेजारच्याला खुशाल विचारा. मध्येच सगळे एकमेकांकडे वळून शांतीच्या शुभेच्छा देत हात मिळवतात. तेव्हा बावरू नका, आपलाही हात पुढे करा. दानाची थाळी काही न टाकता पुढे सरकवली तरी चालते.