नंबरप्लेटचा दिवा

"अहो, तुमच्या गाडीचा नंबर रात्री दिसत नाही हो," असं शेजारच्या काकांनी मला सांगितलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर दुसऱ्याचं काहीतरी बिघडल्याचं शुद्ध समाधान होतं.

नंबरप्लेटचा दिवा हा मोठा विचित्र प्राणी. हेडलाइट गेला तर समोर अंधार होतो, हॉर्न गेला तर घसा बसतो. हा बिचारा मात्र आपल्या पाठीमागे खाली मान घालून जळत असतो, आणि विझला की सगळ्या गावाला कळतं, मालक सोडून.

माझ्या गाडीला असे दोन दिवे आहेत आणि दोन्ही बंद होते. वास्तविक इथेच डोकं चालवायचं. दोन बल्ब ठरवून एकाच दिवशी जात नाहीत; दोघांना वीज पुरवणारा कुणीतरी संपावर गेलेला असतो. पण डोकं चालवण्यापेक्षा पेचकस चालवणं सोपं. दिव्याच्या प्लॅस्टिकच्या झाकणाखाली पेचकस घालून जरा दाबलं. टक्! झाकण निघालं. त्याची खिटीही निघाली, पण ती वेगळ्या दिशेला.

आतला बल्ब करंगळीच्या पेराएवढा. पाच वॉटचा, बुडाशी दोन बारीक तारा दुमडलेल्या. उजेडात धरून पाहिला तर आतली तार शाबूत. तरीही मी दोन्ही बल्ब बदलले. अंधार तसाच, फक्त आता नव्या बल्बांचा.

मग फ्यूज. डॅशबोर्डखाली डोकं, दाराबाहेर पाय, तोंडात टॉर्च. फ्यूज उपसून पाहिला, ठणठणीत होता. तो जागेवर बसवताना मान लचकली आणि तेव्हा कुठे प्रकाश पडला, गाडीत नव्हे, डोक्यात: माझ्या गाडीत हाच फ्यूज मागच्या लाल दिव्यांनाही वीज देतो, आणि ते मघापासून मजेत पेटलेले होते.

शेवटी वीज मोजायचा मल्टीमीटर काढला. बल्बच्या खोबणीत टोकं टेकवली तर चक्क १२ व्होल्ट! बल्ब बसवला तर काळोख. काढला, १२ व्होल्ट. बसवला, काळोख. "काही लागलं तर हक्काने सांगा" म्हणणारे नातेवाईक असतात ना, तशी ही वीज. मीटर नुसती चौकशी करतो, करंट जवळजवळ घेतच नाही. त्याला तारेचा एखादा केस नुसता टेकलेला असला तरी पुरतं. बल्ब मात्र खरोखर मागतो, साधारण ०.४ अँपिअर. तेवढं मागितलं की नातेवाईक गायब.

हरलो. सामान डिकीत टाकायला झाकण वर केलं, तेवढ्यात मागून बायको ओरडली, "लागला!"

मी झाकण लावलं. "गेला!"

उघडलं. "लागला!"

म्हणजे माझ्या गाडीचा नंबर फक्त डिकी उघडी असताना, आकाशाकडे तोंड करून उजळत होता. वरून जाणाऱ्या विमानांची कसलीच तक्रार नसणार.

आता चोर सापडला. डिकीच्या बिजागरीजवळ रबराची एक घडीघडीची नळी असते आणि झाकणाकडे जाणाऱ्या सगळ्या तारा तिच्यातून जातात. डिकी उघडा-लावा केली की तारा त्याच जागी वाकतात, वर्षानुवर्षं. नळी मागे सरकवली, तर दोन्ही दिव्यांची मिळून असलेली तार त्या वळणावर तुटलेली. वरचं आवरण तडकलेलं, आत तांब्याचा एकच काळवंडलेला धागा, तोही कसाबसा टेकलेला. झाकण वर केलं की तुटकी टोकं एकमेकांना भेटायची, खाली आणलं की ताटातूट.

मधे तारेचा नवा तुकडा, थोडा सैलच ठेवून, सोल्डर केला आणि वर आवरण चढवलं. याला दहा मिनिटं लागली. ती रबरी नळी परत तिच्या भोकात बसवायला पाऊण तास, आणि त्या पाऊण तासात मी जे बोललो ते इथे छापण्यासारखं नाही.

पण दिवे लागले! डिकी बंद असताना! पार्किंग लाइट चालू ठेवून मी मागे उभा राहून नंबर वाचला. मग जरा लांबून वाचला. मग बायकोला वाचायला लावला. तृप्त मनाने हात धुतले आणि झोपलो.

सकाळी किल्ली फिरवली तर गाडीतून नुसतं "टिक्" आलं. काका फाटकाशीच उभे होते.

"नंबर काय सुरेख दिसत होता हो काल," ते म्हणाले. "रात्रभर!"